आरोळी उठायच्या आत

आमचा मूळ धंदा स्पीकर भाड्यानं देण्याचा. वडिलांनी सांगलीत मारुती रोडच्या मागच्या गल्लीत तो उभा केला. लग्नं, सभा, गणेशोत्सव आणि हिवाळा लागला की कबड्डीच्या स्पर्धा. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. खाली ठेवलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि बेसचे खोके सगळे गेले. माळ्यावर काही माईक आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आणलेले गाईड सेट तेवढे राहिले. पाहुण्यांना मशीनच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून कानाला लावतात, ते सेट. आजचा आमचा धंदा, न दिसणाऱ्या प्रेक्षकांच्या कानात चालू सामना पोचवण्याचा, त्या माळ्यावरून खाली उतरलाय.

वडिलांचे मित्र आप्पा एकेकाळी कबड्डीत डावा कोपरा खेळायचे. काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली, पण स्पर्धेला यायचं त्यांनी सोडलं नाही. नातू शेजारी बसून सांगायचा. अडचण अशी, की खेळ रंगात आला की नातूही खेळात रंगायचा आणि नेमका त्याच वेळी गप्प व्हायचा. मग कुणीतरी सुचवलं, मोबाईलवरचं थेट प्रक्षेपण ऐका. ते वीस-तीस सेकंद मागं चालतं. कबड्डीत एक चढाईच 30 सेकंदांची. मैदान आरोळी ठोकून खाली बसायचं, आणि आप्पांच्या कानात तो चढाईपटू तेव्हा कुठं मध्यरेषा ओलांडायचा. आप्पा म्हणाले, "पोरा, मला निकाल नको. मला सगळ्यांबरोबर ओरडायचंय." आम्ही तेव्हापासून जे काही केलं, ते या एका वाक्यासाठी.

उशीर घालवायचा तर इंटरनेट मधून काढायला हवं होतं. एफएमच्या पट्ट्यात स्वतःचं प्रक्षेपण करायला सरकारी परवाना लागतो, म्हणून विनापरवाना चालणाऱ्या 2.4 गिगाहर्ट्झचे गाईड सेट काढले. निवेदक मैदानाच्या कडेला, प्रेक्षकाच्या कानात रिसीव्हर. सकाळच्या चाचणीत आवाज स्वच्छ आला. संध्याकाळी गर्दी भरली आणि तुटायला लागला. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. ट्रान्समीटर टेबलावर होता, मध्ये शेकडो माणसं. मंडपवाल्याकडून पंधरा फुटी बांबू घेतला, ट्रान्समीटर त्याच्या टोकाला बांधला आणि आवाज परत आला. तो बांबू आजही प्रत्येक ठिकाणी बरोबर असतो.

यंत्र लवकर जमलं. बोलणं जमायला दोन मोसम गेले. पहिल्या निवेदकाला माईकची उत्तम सवय होती. "काय जबरदस्त चढाई!" तो म्हणायचा, आणि आप्पा विचारायचे, "जबरदस्त म्हणजे कुठं?" डोळस माणसाला दिसतच असतं, त्याला उत्साह पुरतो. न दिसणाऱ्याला आधी जागा हवी. मग आम्ही क्रम ठरवला: चढाईपटू कुठं आहे, समोर किती जण आहेत, काय केलं आणि मग वाहवा. डाव्या-उजव्याचाही घोळ झाला, कारण बचाव करणाऱ्यांचा डावा कोपरा म्हणजे चढाईपटूची उजवी बाजू. शेवटी खेळाडू बोलतात तसंच बोलायचं ठरलं. डावा कोपरा म्हणजे बचावाचा डावा, दुसऱ्या कशाला डावं-उजवं म्हणायचंच नाही. आमची आत्ताची निवेदिका स्वतः खेळाडू आहे, गुडघ्याच्या दुखापतीमुळं बाहेर बसलेली. "निदान रेषेवर... बोनसला पाय टाकतोय... चवडा धरला!" निदान रेषा चढाईपटूनं ओलांडावीच लागते, तिच्या पुढची बोनस रेषा जादा गुणाची. शब्द मोजके, पण पकड व्हायच्या आधी तिचा श्वास बदलतो, आणि ऐकणारे तेवढ्यावर सावरून बसतात.

नव्यानं येणाऱ्यांना मैदान हाताला कळावं म्हणून प्लायचा एक पाट केला. मैदान 13 बाय 10 मीटर, पाट 52 बाय 40 सेंटिमीटर. मध्यरेषेपासून 15 सेंटिमीटरवर निदान रेषा, पुढं 4 वर बोनस रेषा. रेषांसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तारा आणल्या. मध्यरेषेला जाड, बाकीच्यांना बारीक, म्हणजे बोटाला फरक कळतो. सामना चालू असताना पाटावर बोट फिरवून साथ देऊन पाहिली, वेग गाठता येत नाही. सामन्याआधी दहा मिनिटं मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

परदेशात पुढचं काम झालंय. 2021च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चेंडूच्या माहितीवरून त्रिमिती आवाज तयार केला होता, चेंडू कोर्टवर कुठं पडला ते कानाला कळावं म्हणून. अमेरिकेत बास्केटबॉलसाठी मांडीवर घेऊन बसायच्या, चेंडूबरोबर थरथरणाऱ्या पाट्या आल्यात. त्यामागं मैदानभर कॅमेरे लागतात. तालुक्याच्या स्पर्धेत ते कुठून येणार? इथं खेळ जाणणारा माणूस हाच आमचा कॅमेरा.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. एका स्पर्धेत आयोजकांनी "सोयीसाठी" आमच्या प्रेक्षकांना स्टेजच्या मागं, जनरेटरजवळ बसवलं. कानात निवेदन होतं, पण आरोळी लांबून येत होती. आप्पा मध्यंतरातच उठून घरी गेले. तेव्हापासून कोटेशनमध्ये दराच्या वर पहिली ओळ असते: बसायची जागा मैदानालगत, इतर प्रेक्षकांमध्ये. भाडं आयोजकांकडून घेतो, ऐकणाऱ्याकडून कधीच नाही. बारा सेटवर सुरुवात केली, आता चाळीस आहेत.

यंदा कुस्तीच्या मैदानात उतरायचंय. तिथं हलगी माईकमध्ये घुसते, म्हणून ओठांजवळ बसणारा माईक मागवलाय. ढाक, घिस्सा, एकचाक, लपेट हे डाव सुरू होतानाच ओळखणारा निवेदक हवा, म्हणून रोज संध्याकाळी तालमीत जाऊन बसतोय. आप्पा बरोबर असतात. पैलवान भिडले की मला विचारतात, "पट कुणी काढला?" आणि मी अजून अर्धा क्षण उशिरा सांगतो.