दोन रुपयांची घासाघीस

आमचं इचलकरंजीत चहापुडीचं दुकान आहे. आप्पांनी सुरू केलं, आता मी बघते. गाव यंत्रमागांचं, रात्रपाळीचं. चहा कडकच लागतो. त्यामुळे आमचा माल म्हणजे आसामची सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरून केलेली दाणेदार चहा, त्यातही जास्त करून डस्ट, म्हणजे तिची बारीक भुकटी. गुवाहाटीचा अडत्या लिलावात माल घेऊन पाठवतो. दर आठवड्याला त्याचा फोन येतो आणि माझं ठरलेलं वाक्य असतं, "दोन रुपयांनी खाली बघा की." हे मला आप्पांनीच शिकवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पहिल्यांदा आसामला जाऊन आले, आणि तेव्हापासून ते वाक्य सहज तोंडातून निघत नाही.

गुवाहाटीचं लिलाव केंद्र १९७० सालचं. मला वाटलं होतं हातोडा पडेल, बोली ओरडल्या जातील. आता सगळं संगणकावर चालतं. अडत्याच्या खोलीत पांढऱ्या कपांची रांग मांडलेली, चमच्यानं घोट ओढायचा आणि थुंकायचा. मीही ओढला. प्रत्येक लॉटवर बागेचं किंवा फॅक्टरीचं नाव होतं. पान पिकवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

ते नाव शोधायला दिब्रुगडकडे गेले. मोठ्या मळ्यांचंच राज्य असेल असं वाटत होतं, पण देशातला निम्म्याहून जास्त चहा आता छोटे उत्पादक पिकवतात. ज्यांच्याकडे उतरले, त्यांची चहाची जमीन सात बिघे, म्हणजे सव्वादोन एकराच्या आसपास. स्वतःची फॅक्टरी नाही. सकाळी पान तोडायचं, दुपारी एजंटाची गाडी येते, तो वजन करतो, पान ओलं आहे म्हणून किलोंमागे कपात लावतो आणि गाडी फॅक्टरीकडे जाते. त्या दिवशी पानाचा भाव किलोला २० रुपये होता. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो पान लागतं, म्हणजे ९० रुपये. त्यातूनच खत, फवारणी आणि तोडणाऱ्या बायांची मजुरी.

मी त्यांना विचारलं, लिलावात दोन रुपये उतरले तर तुम्हाला पानाच्या किलोमागे किती फटका बसतो? ते म्हणाले, "एक रुपया तरी, बाइदेउ. कधी जास्तच." बाइदेउ म्हणजे ताई. मी मनात भागाकार केला. चहाच्या किलोला दोन रुपये म्हणजे पानाच्या किलोला पन्नास पैसेही होत नाहीत. उरलेलं वाटेत कुणीतरी ठेवून घेतं, आणि यांना बोलता येत नाही, कारण तोडलेलं पान रात्रीपर्यंत लाल पडतं. ते घरी ठेवून भाव येण्याची वाट बघता येत नाही. मी उसाच्या पट्ट्यातली मुलगी. तोडलेला ऊस वाळायला लागला की शेतकऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, हे मी मामांकडं पाहिलंय. पण आमच्याकडं एफआरपीचा, म्हणजे उसाला किमान ठरलेला भाव देण्याचा, कायदा आहे आणि त्यासाठी रस्ते अडवणारी माणसं आहेत. या माणसाच्या अंगणात फक्त एजंटाचा काटा होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोठ्या बागेच्या लाइनीत गेले. लाइन म्हणजे मजुरांच्या घरांची रांग. यांच्या पणज्या-पणजोबांना एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशाकडून करारावर आणलं होतं. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, त्याच महिन्यात २३२ वरून २५० रुपये झाली होती. दुर्गापूजा तोंडावर आलेली, ज्याच्या त्याच्या तोंडी बोनस. घर बागेचं, त्यामुळे ते टिकवायचं तर घरातल्या कुणाचं तरी नाव बागेत लागलेलं असावं लागतं. एका आजींच्या घरी नातीनं बारावी केली होती आणि आजींच्या जागी तीच पान तोडायला जात होती. शिकली म्हणून कौतुकानं सांगत आजींनी मला चहा दिला: बिनदुधाचा, मीठ घातलेला. तिथं तोच पितात, मळ्यात घाम फार जातो म्हणून. त्या मिठानं रक्तदाब वाढतो, हे त्यांना दवाखान्यात सांगितलेलं होतं. मी पुडीच्या धंद्यातली, पण तो कप मला ओळखू आला नाही. चहाला वास नव्हता, रंग तेवढा होता.

परत आल्यावर मी अडत्याला सांगून पाहिलं, की माल पानाला बरा भाव देणाऱ्या फॅक्टरीचाच घ्या, किलोला चार रुपये जास्त पडले तरी चालतील. त्यानं दोन फॅक्टऱ्यांची नावं दिली. त्यातल्या एकीचा माल आता नेमानं येतो. दुसरीची खात्री अजून पटलेली नाही.

दुकानात भाव वाढला तेव्हा यंत्रमागाच्या गल्लीत चहागाडी लावणारे एक काका म्हणाले, "ताई, चार रुपये? माझा कप दहालाच जातोय की." मी त्यांना पानाचा सगळा हिशोब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पटलं म्हणाले, आणि दोन किलोंऐवजी दीड किलोच बांधून नेली.