बाई नवोदय बघायला आल्या तेव्हा

ज्या बाईंनी मला नवोदयच्या, म्हणजे सहावीपासून पुढच्या सरकारी निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेला बसवलं, त्यांनी नवोदय कधी पाहिलं नव्हतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत त्या एकट्याच शिक्षिका होत्या. पहिली ते चौथी एकाच खोलीत, फळाही एकच, त्यावर खडूने चार घरं आखलेली. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते. म्हणजे आम्ही पाचवीला हायस्कूलात गेलो तिथेच बाईंचं काम कागदावर संपलं होतं. तरी संध्याकाळी त्यांच्या घरच्या सोप्यावर आमचा वर्ग भरायचा. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्या, अंकगणित, भाषेचे उतारे, आणि उठताना चहा-पाव. त्या सोप्यावरून अधूनमधून एखादं पोर नवोदयला लागायचं. ट्रंक घेऊन निघालेल्या पोराला बाई कदंबच्या बसपर्यंत सोडायला यायच्या आणि तिथूनच मागे वळायच्या.

ज्या नवोदयात शिकलो तिथेच आज मी शिकवतो. आमच्या बदल्या देशभर होतात. नोकरीची पहिली वर्षं गोव्याबाहेर गेली, मग इथे यायला मिळालं. आता मुलग्यांच्या एका ज्युनिअर हाऊसचा, म्हणजे वसतिगृहातल्या एका गटाचा, हाऊसमास्तर आहे. आल्यापासून बाईंना बोलावत होतो. ह्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या शनिवारी त्या आल्या. मी गाडी घेऊन येतो म्हटलं तर ऐकलं नाही, पावसात बसने आल्या.

बाईंविषयी आणखी थोडं सांगायला हवं. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा त्या शाळेत जायच्या वयाच्या होत्या आणि त्यांच्या गावात शाळाच नव्हती. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतल्या एकीत बाई शिकल्या. घरात अक्षर ओळखणारी पहिली मुलगी तीच. शाळा म्हणजे त्यांच्यासाठी कुणीतरी आणून दिलेली गोष्ट होती आणि ती पुढे पोचवायची होती. त्या हे कधी बोलून दाखवत नसत, पण आम्हाला शिकवताना ते कळायचं.

प्राचार्यांनी फुलं देऊन स्वागत केलं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणकाची खोली मी क्रमाने दाखवली. बाईंनी सगळं पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि व्हरांड्यात येऊन विचारलं, “पोरं निजतात खंय रे?”

हाऊसकडे निघालो. नवोदयात अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाऊसं असतात. ज्युनिअर हाऊसमध्ये सहावी ते आठवीची मुलं एकत्र राहतात, नववीपासूनची सीनिअरमध्ये. आमच्या दालनात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले होते. सत्तरीच्या पावसात दुसरा इलाज नाही. बाई खाटांच्या मधून हळूहळू चालत गेल्या. ट्रंकांना हात लावून पाहिला, कुलपं पाहिली. मग थांबल्या आणि म्हणाल्या, “रात्री रडू आलं तर पोर कोणाकडे जातं?”

शाळा बघायला येणारे पाहुणे निकाल विचारतात, जेवणाविषयी विचारतात, फी नाही हे ऐकून आश्चर्य करतात. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “बाई, सहावीच्या प्रत्येक मुलाच्या शेजारची खाट आठवीच्या मुलाची असते. पहिल्यांदा त्याच्याकडे. त्याला नाही जमलं तर तो मला उठवतो.”

हे ऐकून त्या तिथेच खाटेवर बसल्या. समोर आठवीतला एक मुलगा सहावीतल्याच्या सदऱ्याचं बटण लावत होता आणि तो छोटा उघड्या अंगाने बाजूला उभा होता. बाई बराच वेळ ते बघत राहिल्या. “ही तर माझी शाळा,” त्या म्हणाल्या. “मी चौथीच्या पोराला पहिलीतल्याच्या बाजूला बसवायची, आठवतं तुला?”

आठवत होतं. बाई दुसरी-तिसरीला शिकवत असताना चौथीतल्यांनी पहिलीची अक्षरं घोटून घ्यायची, पाढे म्हणून घ्यायचे. लोकांना वाटायचं, एकटी बाई काय करणार, नाइलाज आहे. पण दुसऱ्याला सांगताना चौथीतल्याचेच पाढे पक्के होतात, हे बाईंना त्या खोलीत दिसलेलं होतं. मीही तसाच शिकलो. बी.एड.ला यावर मोठमोठी प्रकरणं वाचली तेव्हा मला ती खोली आठवायची.

जेवताना मेसमध्ये नववीतला एक मुलगा बाईंच्या ताटात भात वाढायला आला. “आजी, अजून घ्या,” एवढं मराठी त्याला येत होतं. तो हिंदी मुलखातल्या नवोदयातून आलाय. नववीत गेल्यावर काही मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात जातात, तिथली मुलं इकडे येतात. आम्ही त्याला मायग्रेशन म्हणतो. बाईंनी त्याला शेजारी बसवून त्याच्या आईचं, घराचं विचारलं, तेही त्यांच्या मोडक्या हिंदीत. त्या दिवशी त्याने दोनदा भात घेतला.

मुलींच्या हाऊसमध्ये माझ्या सहकारी मॅडम त्यांना घेऊन गेल्या. मुलींना परीक्षेला बसवण्यासाठी बाईंना घरोघर बसावं लागायचं. नवोदयात निदान एक तृतीयांश जागा मुलींना असतात, हे त्या आयांना समजावून सांगायच्या. पण मुलगी परक्या ठिकाणी रात्री राहणार म्हटलं की बोलणं तिथेच थांबायचं. बाई बाहेर आल्या तेव्हा दाराला कडी कशी आहे, मेट्रन कुठे झोपते, आजारी मुलीला कुठे ठेवतात, हे सगळं पाहून आल्या होत्या. “तेव्हा हे पाहिलेलं असतं तर त्या आयांना नीट सांगता आलं असतं,” म्हणाल्या. “आता त्यांच्या नाती आहेत. त्यांना सांगेन.”

दुपारी पाऊस वाढला. मुलं दालनातच बसली आणि चवथीच्या सुट्टीच्या गप्पा निघाल्या. बाईंनी विचारलं, माटोळीला काय काय बांधतात, सांगा बघू. आमच्याकडे गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात. आठवीतल्या, वाळपई-म्हापशाच्या बाजूच्या मुलांनी नारळ, सुपारी, केळी सांगितली आणि गाडी थांबली. तेवढ्यात सहावीतला एक मुलगा उठला. रानाला लागून असलेल्या वाडीवरचा. वर्गात त्याचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही. कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, आमाडे, करांदे, कुठलं कुठल्या उतारावर मिळतं, कशाला हात लावल्यावर खाज सुटते, सगळं सांगत गेला. आठवीतले त्याला थांबवून थांबवून विचारू लागले. एकाने वही काढून नावं लिहून घेतली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची ती नजर ओळखीची आहे.

संध्याकाळी अभ्यासाचा तास. आमच्याकडे तो वर्गावर्गांत होतो, सहावी सहावीच्या खोलीत, आठवी आठवीच्या, आणि शिक्षक लक्ष ठेवतात. बाई मागच्या बाकावर बसून पाहत होत्या. सहावीत एक मुलगी अपूर्णांकांपाशी अडली होती. ती शेजारणीला विचारत होती आणि शेजारणीलाही येत नव्हतं. मी जाऊन सांगितलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “निजायला एकत्र ठेवता, जेवायला एकत्र ठेवता. अभ्यासालाच का वेगळं काढता रे?”

मी म्हटलं, गोंगाट होईल. त्या म्हणाल्या, “होईल. दोन आठवडे होईल.”

बस सुटायच्या आधी त्यांनी मला नीट समजावलं. रोज नको, आठवड्यातून एक संध्याकाळ. जोड्या आपण लावायच्या, मुलांना निवडू द्यायच्या नाहीत, नाहीतर हुशार हुशाराकडे जातो. मोठ्या मुलाने उत्तर सांगायचं नाही, पुढची पायरी विचारायची. आणि ज्या मोठ्याचं स्वतःचं गणित कच्चं, त्याला मुद्दाम छोट्याला गणित सांगायला बसवायचं.

चवथीच्या सुट्टीनंतर मी प्राचार्यांपुढे हे मांडलं. त्यांनी आमच्या हाऊसपुरती शनिवारची संध्याकाळ दिली. गोंगाट झाला, बाईंनी सांगितला होता तेवढा झाला. मग कमी झाला. माटोळीवाला मुलगा आता आठवीतल्या जोडीदाराशी भांडतो, ‘मला करू दे’ म्हणतो. आठवीतल्या दोघांनी आपणहून माझ्याकडे येऊन अपूर्णांकांचा भागाकार परत समजावून घेतला, कारण छोट्यापुढे अडकायचं नव्हतं.

एक अडचण येत होती. मोठी मुलं घाई करतात, छोट्याची वही ओढून स्वतःच सोडवून टाकतात. बाईंना फोनवर सांगितलं. “पेन्सिल छोट्याच्या हातातून सुटता कामा नये,” त्या म्हणाल्या. “मोठ्याला रिकाम्या हाताने बसव.” तेव्हापासून शनिवारी आठवीतल्यांची पेनं मी दाराजवळच्या टेबलावर ठेवून घेतो. सहावीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आल्या की बाईंना दाखवायला न्यायच्या आहेत. त्यांनी मागितल्यात, आणि कच्च्या मुलांच्या उत्तरपत्रिका आधी दाखव म्हणून सांगितलंय.