बायवायरिंगच्या भानगडीत मी का पडत नाही

भाचा पुण्याहून आला की आधी स्पीकरच्या मागं डोकावतो. "मामा, चार टर्मिनल दिलेत, तुम्ही दोनच वापरता?" आता कंपनीनं दिलेत म्हणून वापरलेच पाहिजेत का?

वरची जोडी ट्वीटरची (बारीक सुरांचा छोटा स्पीकर), खालची वूफरची (बासचा मोठा), आणि दोन्हींना जोडणारी पितळी पट्टी. ती पट्टी काढायची आणि ॲम्प्लिफायरपासून दोन्ही जोड्यांना वेगळी वायर ओढायची, की झालं बायवायरिंग. पण ॲम्प्लिफायरच्या बाजूला दोन्ही वायरी एकाच टर्मिनलवर कसायच्या असतात. म्हणजे व्होल्टेज दोघांना तेच, बास नि बारीक सूर वेगळे करणारं सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, तेही स्पीकरच्या पोटात होतं तसंच. फक्त बासचा करंट एका वायरीतून जातो, बारीक सुरांचा दुसरीतून.

त्यानं आवाज साफ होतो म्हणे. आता हिशोब करा. आमच्या लातुरात गंजगोलाईकडं कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची वायर मागा. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला ८ ओहमच्या आसपास. माझ्या स्पीकरपर्यंत ४ मीटर, जाऊन-येऊन ८, म्हणजे जेमतेम ०.०६ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढं एवढ्यानं आवाज ०.१ डेसिबलसुद्धा पडत नाही. मग वेगळ्या वायरीनं वाचवणार काय? अन् जाडी वाढवायचीच हौस असेल तर चारची वायर घ्या, विषय संपला.

खरा घोळ आमच्या बैठकीत होता. खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. टाळी वाजवली की खणखण उठायची. स्पीकरसमोर जाड सतरंजी टाकली, मागच्या भिंतीला आईची जुनी गोधडी टांगली आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढं ओढले. बायकोला हाय-फायचं काडीचं वेड नाही, पण तीच म्हणाली, "आता तबल्यातला डग्गा वेगळा ऐकू येतोय की." आणि मे महिन्यात कूलर घरघरत असताना महागडी वायर काय नि साधी काय, सारखीच.

टर्मिनलचे नट मात्र अधूनमधून कसून घ्या. आमच्याकडं धूळ लई, पट्टीही पुसून बसवा. आणि उद्या कुणी बायॲम्पिंग करायला निघालं, म्हणजे वूफरला एक आणि ट्वीटरला दुसरा ॲम्प्लिफायर, तर आधी पट्टी काढायची. ती राहिली तर दोन्हींचे आउटपुट एकमेकांना भिडतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो. भाच्याला हे दोनदा बजावलंय, कारण त्याचा दुसरा ॲम्प्लिफायर घ्यायचा विचार चाललाय.