दिवे घाटातलं मिसिंग

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला शनिवार होता. मागच्या सीटवर आई आणि मावशी, डिकीत ठिबकच्या नळ्यांची दोन बंडलं, एसी चालू. वडकी मागं पडली, दिवे घाटाची चढण लागली आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडीनं झटका दिला. मग लगेच दुसरा. गॅरेजच्या भाषेत इंजिन मिसिंग करू लागलं. मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि उघडझाप करू लागला.

हा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश गॅरेज गाठता येतं. उघडझाप करायला लागला तर पायातला जोर तिथंच कमी करायचा. कुठल्या तरी सिलेंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडत असतं, ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्या उष्णतेनं आतली जाळी वितळू शकते. मला हे तेव्हा एवढंच माहीत होतं की थांबायला हवं. एसी बंद केला, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढवत खाली मस्तानी तलाव दिसतो तिथं कडेला घेतली. उभ्या गाडीत इंजिन शांत, एकसारखं. मावशी म्हणाली, "अगं, चांगली तर वाटतेय." आणि खरंच उभी असताना ती चांगलीच होती.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलेंडर. मार्चमध्ये घेतली तेव्हा ७१ हजार किलोमीटर झाली होती. हडपसर ते ऑफिस रोज आणि दर शनिवारी सासवडच्या पुढं आप्पांच्या अंजिराच्या बागेत, एवढ्यासाठीच घेतलेली. घाट चढत नसेल तर माझ्यासाठी ती गाडी अर्धीच.

पहिल्या गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर नवा टाकला. ४,२०० रुपये. दहा दिवस गाडी सुरेख चालली. अकराव्या दिवशी पाऊस होता आणि त्याच घाटात, जवळपास त्याच वळणावर तेच झटके. परत गेले तर सांगण्यात आलं, "चारही कॉइल टाकू, नाही गेलं तर इंजेक्टर बघू." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारा. नेमकं काय बिघडलंय हे कुणीच सांगत नव्हतं. आधी भाग टाकायचा आणि मग बघायचं, हे मला पटेना. घरी परत आले.

हजारेक रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलेंडरचा, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, म्हणजेच मिसिंग. पी०३०० आला असता तर एकाच सिलेंडरवर बोट ठेवता आलं नसतं. पण तिसऱ्यात जाळ होत नाही एवढंच हा कोड सांगतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब), ते आपण शोधायचं.

गाडीतल्या संगणकाला हे कळतं कसं, हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ त्यावरच विचार करत बसले होते. इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, दात असलेलं चाक असतं आणि त्याच्यासमोर सेन्सर. चार सिलेंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलेंडर धक्का देतो. एखादा धक्का चुकला की चाक त्या अर्ध्या फेऱ्यात किंचित मंदावतं, आणि तेवढा फरक सेन्सर पकडतो. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, ८०० आरपीएम (मिनिटाला ८०० फेरे) धरले तर एकेक सिलेंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एखाददुसरा चुकला तर सीटवर बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

रविवारी सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, मी कॉइल काढायला घेतली. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. कपलर सोडवायचा, दहाचा एक बोल्ट काढायचा आणि कॉइल जराशी फिरवत वर ओढायची. पहिली आणि दुसरी कोरडी निघाली. तिसरीचा प्लगवर बसणारा रबरी बूट इंजिन ऑइलनं बरबटलेला, फुगलेला. टॉर्च धरला तर प्लगच्या होलमध्ये बोटभर ऑइल साचलेलं.

इथं कारण सापडलं असं समजून थांबायचा मोह झाला. पण ऑइल होतं म्हणून कॉइल गेलीच असेल असं नाही. नुसतं पुसून भागलं असतं, तसंही असू शकलं असतं. सिरिंजला सलाईनची नळी लावून ऑइल उपसलं, होल कापडानं कोरडं केलं, बूट पुसला. मग तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. बाकी कशालाही हात लावला नाही. कोड पुसला आणि एकटीच घाटात गेले. दुसऱ्या वळणावर झटका बसला. स्कॅनरवर पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता. चार नव्या कॉइल आणि इंजेक्टर यांच्या जागी एक कॉइल, हे त्या एका आकड्यानं सांगितलं. घाटात एकटी असूनही मी मोठ्यांदा "सापडलं!" असं ओरडले होते.

आणि हे घाटातच का व्हायचं? माउलींच्या पालखीचा रथ दिवे घाट चढताना त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. इंजिनाला जादा जोड नसते, त्याला प्रत्येक घासात जास्त हवा आणि पेट्रोल घ्यावं लागतं. सिलेंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखालच्या हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. बूट खराब असेल तर ती वीज प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी बुटातून बाजूच्या लोखंडाकडे पळते, कारण ती वाट सोपी. आयडलला दाब कमी, तिथं आजारी कॉइलही काम भागवते. नव्या प्लगनी दहा दिवस का काढले तेही यात आलं. झिजलेल्या प्लगमधलं अंतर वाढलेलं असतं, नव्याचं नेमकं असतं, त्यामुळे कॉइलवरचा ताण कमी झाला. पुढं पुन्हा ऑइल झिरपलं आणि ते दिवस संपले.

फुरसुंगीत एक काका छोटं गॅरेज चालवतात. मी त्यांना सगळं सांगितलं, बूटही दाखवला. बुटाच्या आत केसाएवढी काळी रेघ होती, वीज पळून पळून पडलेली. काका म्हणाले, "ताई, कॉइल टाका, पण ऑइल कुठनं आलं ते बघितल्याशिवाय टाकू नका. नाहीतर सहा महिन्यांत परत याल." आधी त्यांनी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, चारही १६५ ते १७० पीएसआयच्या आत. इंजिन पोटातून धडधाकट होतं. मला तेव्हा किती बरं वाटलं, सांगता येणार नाही.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं वरचं झाकण, काढलं. कडेचं पॅकिंग आणि प्लगच्या होलांभोवतीची सीलं प्लास्टिकसारखी कडक झालेली, वाकवली तर तुटत होती. उष्णतेनं रबराचं असं होतंच. पण काकांनी पीसीव्ही व्हॉल्व्हही काढला आणि माझ्या कानाशी हलवला. तो खुळखुळायला हवा. हा गप्प होता, चिकट्यानं जाम झालेला. इंजिनाच्या पोटातला गॅस या व्हॉल्व्हमधून बाहेर ओढला जातो. वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि जिथं सील कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं.

सामान नाना पेठेतून आणलं. कव्हर पॅकिंग प्लगच्या सीलांसकट ६४०, पीसीव्ही व्हॉल्व्ह २८०, कॉइल १,८५०. दुकानदाराला जुनी कॉइल दाखवली, त्यानं तिच्यावरचा पार्ट नंबर ताडून नवी दिली. फोनवर नुसतं मॉडेल सांगून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या कॉइल असू शकतात.

कव्हर काकांनी माझ्याकडूनच बसवून घेतलं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळायचे. एकाच बाजूनं आवळत गेलं तर पॅकिंग दुसरीकडे उचललं जातं आणि पुन्हा गळती. जोरही बेताचाच लावायचा, कारण बोल्ट ज्यात बसतात ते हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे सहज जातात. ठरवलेला जोर झाला की टॉर्क पाना 'टक्' म्हणतो, तिथं थांबायचं.

त्या शनिवारी आई, मावशी आणि या वेळी आप्पांनाही घेऊन घाट चढले. ते पुण्यात डोळे तपासायला आले होते. एसी चालू, तिसरा गिअर, पाऊस. मावशीच्या हातात मोबाइल दिला होता, स्कॅनरचे मिसफायरचे आकडे उघडून. "सगळीकडं शून्यच दिसतंय गं," ती प्रत्येक वळणाला सांगत होती. आप्पांना या आकड्यांचं काही नव्हतं, ते खिडकीतून पाऊस कुठवर पोचलाय ते बघत होते.

त्यानंतर १,१०० किलोमीटर झाले. गेल्या रविवारी तिसरी कॉइल पुन्हा उपसून होलमध्ये टॉर्च मारला. कोरडं आहे. अजून दोन हजार किलोमीटरनी परत बघेन, आणि दिवाळीत भावाला जुनी गाडी घ्यायचीय तेव्हा हा स्कॅनर बरोबर नेईन. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली तेही त्यात दिसतं. तो आकडा वीस-तीसच निघाला तर कोड का पुसला हे विचारता येईल.