‘रन’ची वही: क्रियापदं उरकत आली

मंडळी, इंग्रजी ‘रन’चे फ्रेंच पर्याय गोळा करायचं काम बरंच पुढे सरकलंय. मोठा बदल मांडणीत केलाय. आधी शब्दकोशाच्या क्रमानं इंग्रजी अर्थ उतरवत होतो. आता पानांना मराठी क्रियापदांचे मथळे दिलेत. इंग्रजी जिथे एकाच शब्दावर भागवते तिथे मराठीला वेगळी क्रियापदं लागतात, आणि फ्रेंचही बऱ्याचदा त्याच जागी फुटते.

‘वाहणे’ हे सगळ्यात सुखाचं पान. नळाचं पाणी, सर्दीचं नाक, घामानं ओघळलेला मेकअप, सगळ्यांना ‘कुले’ चालतं. ल ने कूल, म्हणजे नाक वाहतंय. जहाज मात्र ‘कुले’ झालं तर ते बुडालं समजा. धुण्यात रंग गेला तर ‘देतँद्र’.

‘चालणे’ लिहिताना मजा आली. मशीन इंग्रजीत धावतं, फ्रेंचमध्ये आपल्यासारखं चालतं: ‘मार्शे’. ‘सा मार्श’ म्हणजे तर थेट आपलं ‘चालेल!’ इंजिनासाठी ‘तुर्ने’, म्हणजे फिरणे, हेही सर्रास वापरतात. ‘फेर मार्शे’ यंत्राला लावलं तर चालवणे, माणसाला लावलं तर त्याची फिरकी घेणे. त्यामुळे कर्म कोण आहे ते बघूनच वापरा.

खरा वेळ गेला तो ‘धावणे’वर. नुसतं धावायचं असेल तर ‘कूरीर’. धोका पत्करणं हेही ‘कूरीर अँ रिस्क’, आणि अफवाही धावते: ल ब्रुई कूर. पण ‘तो धावत खोलीत शिरला’ म्हणताना मुख्य क्रियापद बदलतं. इल ए आँत्रे दाँ ला पिएस आँ कूराँ. इंग्रजी धावण्याला क्रियापद करते आणि दिशा एका छोट्या शब्दावर सोपवते. फ्रेंच दिशेला क्रियापद करते आणि धावणं ‘आँ कूराँ’ म्हणून मागून जोडते. विने आणि दार्बेलने या भाषाअभ्यासकांनी 1958 मध्ये इंग्रजी-फ्रेंच अनुवादाची जी मांडणी केली, तिच्यात या अदलाबदलीला ‘शासे-क्र्वाझे’ म्हटलंय. आपल्याला ती जड जाऊ नये, ‘धावत शिरला’ हीच रचना आहे. जड जातं ते भूतकाळात लागणारं सहायक क्रियापद. ‘कूरीर’ला ‘आव्हार’ (जवळ असणे, रूप ‘आ’) लागतं, ‘आँत्रे’ला ‘एत्र’ (असणे, रूप ‘ए’). धावत वर गेला: इल ए मोंते आँ कूराँ. पण धावत जिना चढला म्हटलं, की जिना कर्म होतो आणि ‘ए’चा ‘आ’ होतो: इल आ मोंते लेस्काल्ये आँ कूराँ. हे पान दोन रंगांच्या पेनांनी लिहिलंय.

(भविष्यकाळात आणि संकेतार्थात ‘कूरीर’ला दोन र लागतात. बोलताना तो र नीट दाबला नाही, तर संकेतार्थ आणि अपूर्ण भूतकाळ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळत नाही.)

‘चालवणे’ इथे मात्र मराठी दगा देते. आपण दुकान, संस्था, गाडी, प्रोग्राम सगळंच चालवतो. फ्रेंचमध्ये दुकान ‘तनीर’, म्हणजे धरायचं, कंपनी ‘दिरिजे’, गाडी ‘कोंद्वीर’, प्रोग्राम ‘एक्झेक्युते’. प्रयोग करायचा तर ‘मने’, आणि प्रयोगाला शब्द ‘एक्सपेरियाँस’, जो अनुभवासाठीही तोच. या पानाचे तुकडे करावेत असं वाटतंय. तुम्ही कुणी अशी वही ठेवत असाल तर कसे केलेत ते सांगा.

‘संपणे’ला स्वतंत्र क्रियापद शोधत बसू नका. मीठ संपलं: इल न्या प्ल्यू द सेल. मीठ आता नाही, एवढंच. निवडणुकीला उभं राहणं ‘स प्रेझाँते’. ठरलेल्या वेळांनुसार धावणाऱ्या गाड्या ‘सिर्क्युले’.

आता नामं घेतलीत. शर्यत ‘कूर्स’, स्कीचा उतार ‘पिस्त’. ‘कूर्स’चं अनेकवचन घेऊन ‘फेर ले कूर्स’ म्हटलं तर मात्र बाजारहाट.