मुदतवाढ द्यायची होती, पण वाढवायला करारच नव्हता

आमचा बास्केटबॉल क्लब छोटा. राजेंद्रनगर-सुदामानगरातली काही मंडळी वर्गणी काढून एका होतकरू पोराला महिन्याचं मानधन, बूट, खुराक आणि प्रवासखर्च देतो. बदल्यात इंदूरच्या क्लब-स्पर्धांत तो आमच्याकडून खेळतो. त्याचा करार संपत आला आणि पुढे चालू ठेवायचा का, हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पोरगा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, नुकताच अठरा पूर्ण झालेला. गेल्या मोसमात गुडघा दुखावला आणि लांबचा नेम बिघडला. मी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर जाऊन त्याचा सराव बघत बसायचो. थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे नेम, रिंगला आपटून बाहेर येत होते, पण फ्री थ्रो एकामागून एक आत. फ्री थ्रोला ना पळापळ, ना अंगावर कोणी. तिथे निव्वळ हात दिसतो. म्हणजे हात शाबूत होता. उडी मारताना तो डावा पाय राखत होता, इतकंच. फिजिओचंही हेच मत पडलं. खेळापुरता माझा निर्णय तिथेच झाला.

घोडं अडलं ते पैशावर. खजिनदारांना आहे त्याच मानधनात तीन वर्षं हवी होती. "अहो, तो करी आठवा!" 2012 मध्ये अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या स्टीफन करीचे घोटे सारखे दुखावत होते, तेव्हा त्याच्या गोल्डन स्टेट संघाने त्याला चार वर्षांसाठी 4.4 कोटी डॉलरवर बांधून घेतलं. पुढे 2015 आणि 2016 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला तो करार अगदी स्वस्तात पडला असं वाटू लागलं. खजिनदारांचा हिशेब चोख, पण तो अमेरिकेच्या नियमांवर उभा. तिथे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्यात पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूची मुदत वाढवली नाही, तरी दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम स्वतः देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क जुन्या संघाला मिळू शकतो. आपल्याकडे? क्रिकेटपटू झहीर खानच्या, त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात अशाच धर्तीची अट होती: मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आधी जुन्या कंपनीला दाखवायचा. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात ती करार कायद्याच्या कलम 27 पुढे, म्हणजे कुणाच्या कामधंद्यावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरवणाऱ्या कलमापुढे, टिकली नाही.

हे सगळं आम्हाला सांगितलं एका सभासदाच्या वकील भाच्याने. जुनी लिखापढी वाचून तो हसायलाच लागला. "काका, यात वाढवायला आहे काय?" पहिल्या सहीच्या वेळी पोरगा अल्पवयीन, म्हणून वडिलांनी सही केलेली. पण एका अल्पवयीन नटीच्या वतीने तिच्या वडिलांनी केलेला सिनेमाचा करार मुंबई हायकोर्टाने 1949 मध्येच निरर्थक ठरवला होता, आणि अठरा पूर्ण झाल्यावर जुन्या कागदाला नुसती संमती देऊनही भागत नाही. नवा करार हवा, आणि सही पोराची.

तोवर आमची सगळी बोलणी वडिलांशीच व्हायची. आता पोराला समोर बसवलं, तर तो पटकन म्हणाला, "काका, तीन वर्षं नकोत. रेल्वेत खेळाडूंची भरती निघाली तर?" वडील खाली बघत राहिले, हा प्रश्न घरात बऱ्याचदा झालेला दिसत होता. रेल्वेची नोकरी म्हणजे पगार, पेन्शन आणि रेल्वेचा संघ. आमच्या मानधनाची तिच्याशी काय बरोबरी!

शेवटी एक वर्षाचा करार ठरला, मानधन थोडं वाढवून. दुसरं वर्ष त्याच्या मर्जीवर. सरकारी नोकरी लागली तर महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. आमच्याकडून खेळताना दुखापत झाली तर उपचाराचा खर्च क्लबचा. "म्हणजे जोखीम सगळी आपली," खजिनदार कुरकुरले, आणि ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच्या गुडघ्यावर स्वस्तात सौदा करायला माझं मन धजेना.

खजिनदारांनीही मग एक अट घालूनच घेतली: फिजिओने सांगितलेले व्यायाम रोज करायचे आणि वहीत लिहून दर रविवारी दाखवायचे. अख्ख्या करारात पोराने कुरकुर केली ती याच एका कलमावर.