मारुतीच्या ताटातली चिल्लर

१२ एप्रिल २०२५ ला शनिवार होता आणि हनुमान जयंतीही. दुपारी बाराच्या सुमारास देशभर यूपीआय अडखळलं. परळमधल्या चाळीखालच्या ज्या किराणा दुकानात मी गल्ल्यावर बसते, तिथे तेव्हा नऊ-दहा गिऱ्हाइकं उभी होती. साउंडबॉक्स गप्प, फोनवर चक्र फिरतंय, आणि सगळ्यांचं एकच वाक्य: "कॅश आहे, पण पाचशेची आहे."

लोक नंतर म्हणत होते की मुंबईकरांनी खिशात पैसे ठेवणं सोडलं म्हणून खोळंबा झाला. माझ्या गल्ल्यावरून तसं दिसलं नाही. खिशात पैसे होते. दुकानात सुट्टे नव्हते.

सकाळी दुकान उघडताना आम्ही ३,००० रुपये सुट्टे ठेवतो. शंभराच्या १० नोटा, पन्नासच्या १०, विसाच्या २५, दहाचे ५० नग, पाचची ६० नाणी, दोनची ५० आणि एकची १००. भरपूर वाटतं. आता ८५ रुपयांचं बिल आणि पाचशेची नोट घ्या. परत द्यायचे ४१५, म्हणजे चार शंभराच्या, एक दहा, एक पाच. तिसऱ्या गिऱ्हाइकाला चार शंभराच्या द्यायला उरतच नाहीत, पन्नासला हात घालावा लागतो. सातव्या नोटेनंतर गल्ल्यात जवळजवळ पाचशेच्या नोटाच उरतात आणि आठवा माणूस तशाच नोटेसह समोर उभा असतो. "वरचे दोन आहेत का?" हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. बिल १३२ चं असेल आणि पाचशेच्या नोटेवर दोन रुपये आले, की ३७० सरळ परत जातात, नाणी वाचतात. नवीन मुलांना हे शंभरदा सांगावं लागतं. आमचा काउंटरवरचा मुलगा चलाख आहे, पण दहा वाजायच्या आत दहाची सगळी नाणी वाटून मोकळा होतो.

पूर्वी ३,००० पुरायचे, कारण दिवसभर चिल्लर आतही यायची. पाचचा बिस्किटपुडा, दहाची कोथिंबीर, एक अंडं, शाम्पूची पुडी यांचे पैसे नाण्यांतच यायचे. तेच छोटे व्यवहार आधी स्कॅनवर गेले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला दलाली नाही, त्यामुळे पाच रुपयांना नाही म्हणायचं कारणच उरलं नाही. ते चांगलंच झालं. पण आता रोकड घेऊन येणारा माणूस एटीएममधली पाचशेची नोट घेऊन येतो. सुट्टे बाहेर जातात, आत येत नाहीत. (त्या शनिवारनंतर सोळा दिवसांनी, २८ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की ३० सप्टेंबरपर्यंत ७५ टक्के एटीएमच्या निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. फार आधी व्हायला हवं होतं.)

त्या दुपारी साडेबारापर्यंत गल्ला कोरडा पडला. तेवढ्यात चाळीच्या मारुती मंदिराचा मुलगा आला. संध्याकाळच्या महाप्रसादाची तूरडाळ, तेल, गूळ, रवा, बिल १,८३५. त्याने स्कॅन केलं, दोन मिनिटं काहीच नाही, मग त्याच्या फोनवर खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. साउंडबॉक्स मुका. माझ्या अ‍ॅपमध्येही नोंद नाही.

"काकू, कापले गेलेत, बघा ना."

मी म्हटलं, माल इथेच राहील. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर माल सोडायचा नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. पैसे गेल्याचा हुबेहूब पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत आणि आमची अशी फसवणूक झालेली आहे. शिवाय खरा मेसेज असला तरी पैसे मधेच अडकलेले असू शकतात. दुकानाला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणजे दुकानदाराने माल दिला आणि पैसे परत गिऱ्हाइकाकडे वळले, तर माल फुकट गेला.

मुलगा काही न बोलता गेला आणि पंधरा मिनिटांनी उपरण्यात बांधलेलं आरतीचं ताट घेऊन आला. सकाळच्या जन्मोत्सवाची दक्षिणा.

चिल्लर मोजायला बसले. इथे घाई केली की चूक ठरलेली. पाचची नाणी वीस-वीसच्या थप्पीत लावतात, म्हणजे थप्पी शंभराची. पण पाचचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरची पातळ ६ ग्रॅमची आणि २०१९ च्या मालिकेतलं ६.७४ ग्रॅमचं. एक थप्पी उंच, दुसरी बुटकी, दोन्हींत नाणी वीसच. उंचीवर किंवा काट्यावर भरवसा ठेवला की हिशेब बुडाला. आधी जात वेगळी करायची, मग मोजायचं. अंगठ्याचं चित्र असलेला एक रुपया आणि रुपयाचं चिन्ह असलेले २०११ च्या मालिकेतले दोन रुपये हाताला सारखेच लागतात, ते डोळ्यांनीच निवडावे लागतात. आणि वीसचं नाणं. तेही दहाच्या नाण्याएवढंच, २७ मिलिमीटरचं. दहाच्या नाण्याची कड सोनेरी आणि मध्य रुपेरी, विसाच्या नाण्याचं उलट, आणि कडेला बारा बाजू. आमच्या काउंटरवरच्या मुलाने दहाच्या थप्पीत चार वीसची घुसवली होती. थप्पीवरून नख फिरवलं तेव्हा कळलं.

हिशेब असा निघाला: पाचची ११२, दोनची १४०, एकची ३१०, दहाची ४१, वीसची ४, आणि दहाच्या २२ नोटा. एकूण १,८६०. पंचवीस परत दिले. नाणी कायद्याने एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतच घ्यावी लागतात आणि ही त्याहून जास्त होती. एरवी मालक कुरकुरले असते. त्या दिवशी त्यांनी स्वतः स्टूल ओढून थप्प्या लावल्या.

पाचच्या वीस नाण्यांच्या मी कागदाच्या पुड्या बांधल्या, शंभराची एक पुडी. दहाचं नाणं दिलं की "नोट द्या" म्हणणाऱ्या लोकांनी त्या दुपारी पुड्या मुकाट्याने पिशवीत टाकल्या. त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत तगलो. फोर्टात टांकसाळ आणि तिच्यासमोर रिझर्व्ह बँक, हिऱ्याची खूण असलेली नाणी इथून सहा स्टेशनांवर पाडली जातात, आणि परळच्या दुकानाला शंभर रुपयांच्या चिल्लरीला एकेकाळी पाच-सात रुपये जास्त मोजावे लागायचे. आमची बँक शाखा नाण्यांच्या पिशव्या फक्त ठरावीक दिवशी घेते, तेही तोंड वाकडं करून. शंभर नाण्यांच्या पिशव्या करून नेल्या तरी तेच.

सहाच्या सुमारास साउंडबॉक्स बोलला. १,८३५ रुपये मिळाले. म्हणजे मुलगा खरं सांगत होता आणि देवळाकडून दोनदा पैसे घेतले गेले होते. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या नंबरवर वेगळे पैसे पाठवायचे नाहीत. आधी दुकानाच्या खात्यात जमा झालेत का ते पाहायचं, बारा अंकी संदर्भ क्रमांक जुळवायचा आणि त्याच व्यवहारावर परतावा करायचा, म्हणजे पुढे वाद राहत नाही. तसं केलं.

तरी एक गोष्ट सुटत नाही. त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मी दूध-पाव असेच दिले होते, वहीत न लिहिता. ६२ रुपये आणि १,८३५ यांत फरक आहे, हे कळतं. पण या मुलालाही मी लहानपणापासून बघते. देऊळ शंभर पावलांवर, तो पळून जाणार कुठे होता? नियम बरोबर असला, तरी त्याच्यावर वापरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही.

सोमवारी मी देवळात गेले, दर आठवड्याची चिल्लर आम्हाला द्याल का विचारायला. तोच होता. शनिवारबद्दल काही बोलला नाही. कपाटातून पिशव्या काढून दिल्या. पाचच्या नाण्यांच्या दोन, जाड एकीत आणि पातळ दुसरीत.